माहेरपणाला आलेलं मशीन

"अहो, हळू! तुमच्या घरचं कपाट नाही ते! एकदा आपटलं की माझ्या पेन्शनीतून भरून द्यावं लागेल!"

टेम्पोच्या मागच्या फळीवर उभे राहून भावोजी ओरडत होते. दोन हमाल मशीन पोटाशी कवटाळून दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते आणि सिस्टर कमरेवर हात ठेवून व्हरांड्यात उभ्या होत्या.

"भावोजी, आधी तुम्ही उतरा. पडलात तर ठेवायचं कुठे तुम्हाला? आज सगळ्या खाटा भरल्यात."

"भरल्या? शाबास, वहिनी! मागच्या तपासणीला निम्म्या रिकाम्या होत्या, तर साहेबांनी माझ्यावर डोळे वटारले. जसं काही लोकांना आजारी पाडायचं कामही भांडारानंच करायचं!"

भावोजी म्हणजे सिस्टरांचे धाकटे दीर. डोंगराच्या पायथ्याला जे शहर आहे, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात भांडारपाल. सिस्टर डोंगरमाथ्यावरच्या या चार खोल्यांच्या दवाखान्यात, लग्न होऊन आल्या तेव्हापासून. नवरा इथेच कंपाउंडर होता; तो गेला, सिस्टर राहिल्या. दीर-भावजयीचं नातं गोड, पण मधे अख्खा घाट आडवा पडलेला. कामाची म्हणावी अशी वस्तू दिराच्या कुलपात, आणि ती ज्यांना हवी ती माणसं भावजयीच्या दारात.

वर्षातून एकदा मात्र ही वाटणी उलटी व्हायची. राजधानीहून कोणीतरी तपासणीला यायचं, आणि ते पोचायच्या आधी खालून टेम्पो यायचा. टेम्पोत पडदे, पंखा, वजनकाटा, न विरलेल्या चादरी, दोन कुंड्या, त्यांतली एक प्लास्टिकची. आणि सगळ्यांत शेवटी गोधडीत गुंडाळलेलं हे मशीन. नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर. वर हीटर, खाली बाळापुरता पाळणा, त्याच्या खाली ड्रॉवर, पायांना चाकं. मशीनच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा, त्यावर या दवाखान्याचं नाव. तपासणी झाली, फोटो निघाले, की पडदे उतरायचे, कुंड्या उचलल्या जायच्या आणि मशीन पुठ्ठ्यासकट घाट उतरायचं.

गंमत अशी, की पुठ्ठा खोटं बोलत नव्हता. मशीन मंजूर झालं होतं ते वरच्याच दवाखान्याच्या नावानं. वाटेत खालच्या हॉस्पिटलात विसाव्याला टेकलं ते टेकलंच. 'वर नेऊन करायचं काय? तिथे ना डॉक्टर, ना धड वीज.' डॉक्टर नाही म्हणून मशीन नाही, आणि मशीन नाही म्हणून डॉक्टर टिकत नाही. कोंबडी आधी की अंडं आधी, हा वाद वर्षानुवर्षं चालला होता आणि दोन्ही खालीच शिजत होती.

वरच्या बायकांनी त्याला नाव ठेवलं होतं. टेम्पो दिसला की म्हणायच्या, "आली गं लेक माहेरपणाला! एक दिवसाची पाहुणी, त्यातही अंगावरचं प्लास्टिक काढू देत नाहीत बाईला."

"भावोजी," मशीन आत लागल्यावर सिस्टर म्हणाल्या, "यंदा तरी ठेवा तिला इथेच."

"वहिनी, दर वर्षी तेच काय बोलायचं! माझ्या हातात असतं तर नसतं का ठेवलं? वरून हुकूम आहे."

"वरून? वर तर आम्ही राहतो. आम्ही नाही दिला कुठला हुकूम."

भावोजींनी हातातल्या फडक्यानं मशीन पुसायला घेतलं. उत्तर नसलं की ते काहीतरी पुसायला घेत.

मग ते खाटा बघायला निघाले. पहिल्या खाटेवर पोस्टमन तापानं फणफणल्यासारखा पडला होता. बूट काढायला मात्र विसरला होता. दुसरीवर शाळेचा शिपाई, पाठदुखी. ती खरीच होती, पण नेहमी तो तीच घेऊन घंटा वाजवायचा. तिसरीवर पाट्या रंगवणारा पेंटर पोटदुखी सांगून डोक्यावरून पांघरूण घेऊन कण्हत होता. भावोजींचा पाय खाटेखाली कशाला तरी लागला आणि पत्र्याचा आवाज झाला.

"हे काय?"

"पिकदाणी," पांघरुणातून आवाज आला.

"पोटदुखीला पिकदाणी?"

"दुखणं वर सरकलंय."

भावोजी समाधानानं हसले आणि पुढे गेले. पुढच्या खोलीतल्या, खिडकीजवळच्या शेवटच्या खाटेशी मात्र त्यांचं हसू थांबलं. तिथे शिंप्याची सून उशीचं टोक मुठीत आवळून कुशीवर पडली होती, आणि तिच्या कपाळावरचा घाम कोणी सांगून आणलेला नव्हता.

"वहिनी, ही…"

"ही खरी आहे," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पहाटेपासून कळा चालू आहेत. महिने पुरे व्हायला अजून अवकाश आहे."

"अहो, मग खाली पाठवा ना! टेम्पो उभाच आहे."

"विचारून बघा तिलाच."

भावोजींना विचारावं लागलं नाही. उशीतूनच ती म्हणाली, "त्या वळणांवरून मी पुन्हा जायची नाही, काका. काय व्हायचं ते इथेच होऊ दे."

शेजारी बसलेली तिची सासू, सगळ्या गावाची शिंपीणकाकू, एरवी एका वाक्यात चार टोमणे टाचणारी बाई. ती आज नुसते सुनेचे पाय चेपत होती.

गेल्या वर्षीचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. हिचंच पहिलं बाळ, असंच घाईनं आलेलं. वर ऊब द्यायला होती ती सुतारानं करून दिलेली लाकडी पेटी. तिच्या झाकणात एक मोठा बल्ब, आणि लाकडावर त्या बल्बचा काळा डाग. त्या पेटीनं आजवर बरीच बाळं तगवली होती. पण त्या दिवशी वीज सकाळी गेली ती आलीच नाही. सिस्टरांनी बाळाला कापसात गुंडाळून स्वतःच्या पोलक्याच्या आत घेतलं आणि हिला शेजारी बसवून जीपनं सगळा घाट उतरल्या. हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा कापसाच्या आत ऊब होती. पण ती सिस्टरांच्या अंगाची होती.

बाहेर येताना त्यांनी ती खोली पाहिली. भिंतीला लागून ओळीनं मांडलेले वॉर्मर. दोनांवरचं प्लास्टिक अजून उतरलेलं नव्हतं. कोपऱ्यातल्या एकाच्या पाळण्यात सलाइनची खोकी रचलेली, आणि त्या मशीनच्या गळ्यात पुठ्ठा. सिस्टर तिथे रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. भांडून मिळतं ते आश्वासन, आणि त्याला ना चाकं असतात ना हीटर. त्या परत आल्या, आणि वर्षभर डोकं चालवत राहिल्या.

"भावोजी, ही पिन कुठे लावायची दाखवा," सिस्टरांनी मशीनवरचं प्लास्टिक एका झटक्यात ओढलं.

"अहो! ते काढायचं नसतं! आणि चालू कशाला करता? मॅडम नुसतं बघणार."

"दिवा लागलेला दिसला नाही तर मॅडम विचारतील, चालतं का. मग तुम्ही काय सांगणार? माहेरी आली की बोलत नाही?"

भावोजींनी डोकं खाजवलं, टेम्पोतून वीज गेली तरी चालणारा बॅटरीचा इन्व्हर्टर आणला आणि मशीन लावून दिलं. हीटर हळूहळू तांबूस झाला. सिस्टरांनी त्याच्याखाली हात धरला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

गाड्या आल्या. पुढच्या गाडीतून मोठे साहेब उतरले, म्हणजे खालच्या हॉस्पिटलचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. फक्त खाली बसून बघणाऱ्याला डोंगराचा पायथाच मोठा दिसतो. मागच्या गाडीतून तपासणीच्या मॅडम आणि एक फोटोग्राफर. मॅडम थोडं बोलत आणि पुष्कळ बघत. अशा माणसापुढे खोटं बोलणाऱ्याला दुप्पट बोलावं लागतं, आणि साहेबांनी व्हरांड्यातच सुरुवात केली.

"मॅडम, आमच्याकडे वर-खाली असा भेद नाही. जे तिथे, ते इथे."

"दिसतंय," मॅडम प्लास्टिकच्या कुंडीकडे बघत म्हणाल्या.

आत आल्यावर साहेबांनी पिशवीतून खास आणलेली रबरी बाहुली काढून मशीनच्या पाळण्यात ठेवली. हीटरची ऊब कशी सगळीकडे सारखी लागते, ते बाहुलीच्या अंगावरून हात फिरवत ते समजावू लागले. तेवढ्यात शेजारच्या खोलीच्या पडद्याआडून दबलेला हुंकार आला.

"तिकडे कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"पेशंट," सिस्टर म्हणाल्या. "खरी."

साहेबांना जोराचा खोकला आला. "मॅडम, चहा घेऊ या का? व्हरांड्यात छान वारा आहे."

मॅडम व्हरांड्यात गेल्या, सिस्टर पडद्याआड. साहेब मात्र फोटोग्राफरला घेऊन मशीनपाशीच थांबले. बाहुलीसोबतचा फोटो अजून मनासारखा निघाला नव्हता.

पडद्याआड शिंपीणकाकूंनी सुनेचं डोकं छातीशी धरलं होतं. "सोड गं बाई, सोड आता, आवळून धरू नकोस," सिस्टर म्हणत होत्या. "आणखी एकदा. माझ्याकडे बघ. तिकडे छताकडे काय आहे? इकडे बघ." आणि बाळ आलं. मुलगी. एवढीशी, जांभळट, ओल्या कापडाच्या घडीसारखी. आवाज नाही. सिस्टरांनी तिला पुसलं, पाठ चोळली, टाचेवर टिचकी मारली. शिंपीणकाकूंच्या ओठांवर एक नाही, साऱ्या देवांची नावं एकदम आली आणि एकाचंही धड निघेना. सिस्टरांनी पुन्हा पाठ चोळली. मग एक बारीक, चिडका आवाज आला, कोणीतरी अर्ध्या झोपेतून उठवल्यासारखा.

"बोलली! अगं, बोलली!" काकू किंचाळल्या.

"बोलली, पण गारठायला नको," म्हणत सिस्टरांनी नाळ बांधून कापली, बाळ कोरड्या फडक्यात घेतलं आणि पडदा खांद्यानं ढकलून बाहेर आल्या.

साहेब मशीनवर वाकून हसरा चेहरा करून उभे होते.

"साहेब, जरा." सिस्टरांनी मोकळ्या हातानं बाहुली तंगडीला धरून उचलली, साहेबांच्या हातात दिली आणि त्या जागी बाळाला ठेवलं. पाळणा आधीच ऊबदार होता. मशीन तयार होऊन इतकी वर्षं झाली, पण आपण कशासाठी जन्मलो हे त्याला त्या दिवशी कळलं असावं.

बाळाचा आवाज ऐकून मॅडम हातात कप घेऊनच आत आल्या. मागोमाग भावोजी आणि हमाल. हीटरच्या तांबूस उजेडात मुलीचा जांभळेपणा ओसरत गुलाबी होत गेला, आधी छाती, मग हात, सगळ्यांत शेवटी पावलं.

"किती दिवस ठेवावं लागेल हिला यात?" मॅडमनी विचारलं.

"वजन भरेपर्यंत. दहा-पंधरा दिवस तरी."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. हमालांच्या हातात मघापासून गोधडी तयार होती. त्यांनी ती मागे लपवली, आणि त्यामुळे ती जास्तच दिसली. मग मॅडमची नजर फिरत साहेबांच्या हातातल्या बाहुलीवर येऊन थांबली.

"साहेब, हे मशीन इथलंच आहे ना?"

खोलीत टाचणी पडली असती तर शिंपीणकाकूंनी ती आवाजावरून शोधली असती. पोस्टमन, शिपाई आणि पेंटर आपापल्या खाटांवर उठून बसले होते आणि दारातून बघत होते. साहेबांच्या मनात बेरीज-वजाबाकी भराभर चालली असणार. 'नाही' म्हणावं, तर इतक्या वर्षांच्या तपासण्या खोट्या पडतात. 'हो' म्हणावं, तर मशीन जातं. मशीन परक्याचं होतं, तपासण्या स्वतःच्या होत्या.

"इथलंच, मॅडम," साहेब म्हणाले. "अगदी पहिल्यापासून."

भावोजींनी डोळे मिटले. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरत होतं आणि त्यांना ते खरं वाटत नव्हतं. साहेब स्वतःच्या तोंडानं बोलले होते. आता भांडारपालाला कोण विचारणार?

"इथलंच आहे हो, मॅडम," सिस्टर भोळा चेहरा करून म्हणाल्या. तो चेहरा बघून भावोजींनी डोळे उघडले. वहिनींचा हा चेहरा फार महागात पडतो, हे त्यांना लग्नघरापासून माहीत होतं. "पण हा पुठ्ठा मेला सारखा सुटतो. कायमचं नाव रंगवून घ्यावं म्हणते. साहेबांची परवानगी असेल तर."

"अजून रंगवलं नाही?" मॅडमनी साहेबांना विचारलं.

"ते… म्हणजे… पेंटर मिळायला हवा ना इथे," साहेब म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण ही काडी वर्षभर आधीच सिस्टरांनी मोडून ठेवली होती.

पलीकडच्या खोलीत खाट करकरली. पेंटर पांघरूण भिरकावून उठला, वाकला आणि खाटेखालची 'पिकदाणी' बाहेर ओढली. लाल ऑइलपेंटचा डबा, त्यावर ब्रश.

"यांना काय होत होतं?" मॅडमनी विचारलं.

"पोटदुखी," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्याला गुण आहे हो, मॅडम."

मॅडमनी कप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"पण थांबा!" साहेबांना अखेर काहीतरी सापडलं. "इतक्या नाजूक बाळाजवळ रंगाचा वास? मी डॉक्टर म्हणून परवानगी देऊ शकत नाही."

मुद्दा बिनतोड होता. बाळाचा विचार सिस्टरांच्या गणितात तेव्हा नव्हता. पेंटरला निरोप धाडला तेव्हा बाळ होतंच कुठे?

भावोजींनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. खाली न बघता, कोणाकडेच न बघता ते मशीनपाशी गुडघ्यावर बसले.

"ड्रॉवर सुटा होतो," ते जमिनीशी बोलल्यासारखे म्हणाले. "पुढची फळी निघते. बाहेर नेऊन रंगवा. वाळली की बसवून देतो."

सिस्टरांनी दिराकडे पाहिलं. त्यांना पहिल्यांदाच त्या वाकलेल्या मानेचा वळसा आपल्या नवऱ्यासारखा दिसला.

व्हरांड्यात फळीवर अक्षरं उमटू लागली. पेंटरनं आयुष्यात शेकडो दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, पण आडव्या-उभ्या रेघा एवढ्या जपून त्यानं कधी ओढल्या नव्हत्या. सगळं गाव हळूहळू पायऱ्यांवर जमलं.

"मॅडम, उशीर होतोय, घाट उतरायचाय," साहेब म्हणाले.

"होऊ द्या. आणखी एक कप चालेल मला." मॅडमनी खुर्ची फळीसमोर ओढून घेतली. "रंग वाळेपर्यंत बसते." मग फोटोग्राफरला म्हणाल्या, "या फळीचा घ्या. साहेबांचाही घ्या तिच्याबरोबर. ती बाहुली खाली ठेवा आता, साहेब."

साहेब फोटोत छान हसले. निघताना त्यांनी छोटं भाषणही केलं, दुर्गम भागात सुविधा पोचवण्याच्या आपल्या प्रयत्नांबद्दल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही मनापासून. ज्याच्या खिशातून वस्तू निघाली त्याला मोठेपणा देण्यात गावाचं काय जात होतं?

गाड्या गेल्यावर टेम्पो भरायला घेतला. पडदे उतरले, पंखा उतरला, चादरी मोजून गेल्या. प्लास्टिकची कुंडी सिस्टरांनी स्वतःच्या हातानं आणून दिली. "हिला नीट न्या हो, सुकायची."

फळी मशीनला बसली होती. अक्षरं वाळली असं पेंटर म्हणाला तरी शिंपीणकाकूंचा विश्वास नव्हता. त्यांनी शेवटच्या अक्षरावर अंगठा टेकवून पाहिलाच. ठसा उमटला. पेंटर कळवळला, "काकू, काय केलंत!" पण सिस्टर म्हणाल्या, "राहू दे. सही झाली म्हण."

भावोजी टेम्पोत चढता चढता थांबले.

"इन्व्हर्टर राहिला तुमचा," सिस्टर म्हणाल्या.

"राहिला नाही, विसरला." भावोजी गंभीरपणे म्हणाले. "वय झालं, वहिनी. विसरायला होतं. पुढच्या वर्षी पंखा विसरेन म्हणतो."

"आणि साहेब?"

"त्यांनीच सांगितलंय ना, सगळं पहिल्यापासून इथलंच आहे म्हणून." मग आवाज उतरवून म्हणाले, "दादा असता आज, तर काय म्हणाला असता?"

"या माहेरवाशिणीला म्हणाले असते, एवढी वर्षं कुठे होतीस."

भावोजींना ते लागलं की काय कोण जाणे. त्यांनी फडकं काढलं आणि टेम्पोचा स्वच्छ असलेला आरसा पुसला.

टेम्पो वळणाआड गेला. खोल्या पुन्हा उघड्याबोडक्या झाल्या. खिडक्यांना पडदे नाहीत, छताला पंखा नाही. पोस्टमन बूट वाजवत घरी गेला. मुलगी मशीनखाली झोपली होती आणि तिची आई शेजारच्या खाटेवरून, हात पोचत नव्हता तरी, बोट तिच्याकडे करून पडली होती.

"सिस्टर," ती म्हणाली, "ती पेटी तिथून काढाल का?"

लाकडी पेटी कोपऱ्यात, तिला दिसेल अशीच होती. सिस्टरांनी ती उचलून बाहेर आणली. साहेबांची बाहुली व्हरांड्याच्या कठड्यावर राहिली होती. ती त्यांनी पेटीत ठेवली. मग झाकण उघडं धरून आतल्या काळ्या डागावरून एकदा बोट फिरवलं, आणि बल्ब सोडवून घेतला.

व्हरांड्यातला होल्डर किती तरी दिवस रिकामा होता. दवाखान्यात येणारा प्रत्येक मोठा बल्ब त्या पेटीसाठी जपून ठेवावा लागे. सिस्टर स्टुलावर चढल्या, बल्ब फिरवून बसवला आणि बटण दाबलं.

दिवेलागणीची वेळ होती. उजेड पायऱ्या उतरला, अंगण ओलांडून घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गेला. सिस्टर पदर खोचून बराच वेळ त्या वळणाकडे बघत उभ्या राहिल्या. रस्ता मोकळा होता. खाली कोणालाही जायचं नव्हतं.